हाळीचा धोंडा

शेलवडे स्टेशनच्या पूर्वेला उतरून रिक्षा केलीत, तर नाट्यगृहापर्यंत रस्ता नाकासमोर जातो. महापालिकेने तो चौपदरी केला आहे. मध्ये दुभाजक आहे, दुभाजकात दरवर्षी लावून दरवर्षी वाळवलेली झाडं आहेत. आणि मग हा एवढा ऐटीत चाललेला रस्ता एका कमरेएवढ्या काळ्या दगडासमोर येतो आणि नवी सून पदर सावरून बाजूला होते तसा अंग चोरून वळसा घेतो. रिक्षावाला तिथे हॉर्न वाजवत नाही. जवळचं भाडं तोंडावर नाकारताना ज्याला काही वाटत नाही, तोसुद्धा त्या वळणावर हँडलवरचा एक हात उचलून छातीला लावतो.

दगडाला शेंदूर नाही, हार नाही, दानपेटी नाही. दानपेटी ठेवायला एक नगरसेवक निघाले होते, ते मध्येच का परतले हे त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही. दगडाच्या डाव्या अंगाला वरच्या बाजूस पाच खळगे आहेत, चार एका ओळीत आणि पाचवा जरा खाली. याला हाळीचा धोंडा म्हणतात.

शहरात नवं बिऱ्हाड आलं, की टेम्पोतून कपाट उतरवायच्या आधी घरातलं कर्तं माणूस इथे येतं, चपला काढतं आणि मोठ्याने सांगतं : मी अमुक, अमुक सोसायटी, तिसरा मजला, घरात चार माणसं आणि एक मांजर. मांजरसुद्धा सांगावं लागतं. हसताय? हसा. इथे सगळे आधी हसतात. एक प्राध्यापक इतके हसले होते की त्यांना उचकी लागली. त्याच संध्याकाळी पाव किलो गवार घ्यायला बाहेर पडले आणि या चौकातून दीड तास त्यांना घर सापडेना, म्हणे. घर समोर दिसत होतं, गॅलरीत बायको उभी होती, हात करत होती. चालायला लागले की परत भाजीवालीसमोर. दुसऱ्या दिवशी सकाळी चपला हातात घेऊन उभे होते, उचकी बंद.

महापालिकेचंही तेच. सभागृहात ठराव झाला, बाकं वाजली, सही-शिक्का झाला, तरी तो इथे डफ वाजवून वाचून दाखवल्याशिवाय लागू होत नाही. मोठमोठे साहेब बदलून येतात आणि बूट-मोजे काढून इथे उभे राहतात. मोज्याला भोक असलं तर ते सगळ्या शहराला कळतं.

असं का, ते विचारलंत म्हणून सांगायचं. फक्त ऐकताना धोंड्याकडे पाठ करून उभे राहू नका. काही होत नाही. पण राहू नका.

असे सांगतात, की तेव्हा शेलवडे शहर नव्हतं. भाताची खाचरं, एक तळं, तळ्याकाठी गावदेवी आणि दीडेकशे घरं. गावाची पूर्वेची शीव या धोंड्याशी संपायची. धोंड्यापलीकडे माळ, आणि माळापलीकडे तीन वाड्या : करंजपाडा, पायरवाडी आणि उंबरमाळ.

शिवेवर राखणदार होता. त्याचं नाव कुणी घेत नसे. आताही घेतलं जाणार नाही, उगाच वाट पाहू नका. तो आंधळा होता, म्हणे. गावदेवीने त्याला शिवेवर बसवला तेव्हाच त्याचे डोळे मागून घेतले. म्हणाली, बघणारा तोंडं बघून माणसं सोडतो, तू नुसतं ऐकायचंस. त्यामुळे गावात कोण जन्मलं, कोण गेलं, कुणाकडे सून आली, हे त्याला सांगावं लागे. सांगितलेला माणूस गावचा. पाहुणा ‘पाहुणा आहे’ म्हणत आला तर त्यालाही वाट मोकळी. पण न सांगितलेला माणूस ‘मी इथलाच’ म्हणत शीव ओलांडायला लागला, की राखणदार त्याला चोर समजे आणि चकवा लावी. म्हणजे पायाखालची वाट गुपचूप फिरवून ठेवी. माणूस पुढे चालतोय असं माणसालाच वाटे.

सांगायचं काम गोमा दवंड्याच्या घराण्याकडे होतं. गोमाचा बाप, आजा, पणजा, सगळेजण दिवस कलायच्या आधी धोंड्याशी जायचे, डफावर तीन थापा मारायचे आणि दिवसभराची खबर हाळी देऊन सांगायचे. गोमाचा आवाज तर असा होता, की तो शिवेवर ‘मुलगा झाला’ म्हणाला की स्टेशनात उतरलेल्या बापाला कळायचं. बायको लवकर गेलेली. एकच लेक, बायजी, ती उंबरमाळला लहूच्या घरी दिलेली.

मग रेल्वेच्या मागोमाग वखारी आल्या, वखारींमागून बिऱ्हाडं आली. ती सगळी आगगाडीतून गावात थेट आत उतरली, शिवेवरून पायी आलीच नाहीत, म्हणून राखणदाराचा त्यांच्याशी संबंध आला नाही. आणि एके दिवशी सरकारने कागद धाडला, की शेलवड्याला आता नगरपालिका.

पहिले अध्यक्ष नारोशेट वाडेकर. त्यांची पायरवाडीच्या अलीकडे भातगिरण होती आणि गिरणीइतकाच मोठा त्यांचा आवाज होता. चिटणीस खांबेटे, अक्षर मोत्यासारखं आणि छाती चिमणीएवढी. कचेरीबाहेर एक फळा लागला. फळ्यावर लागलं म्हणजे गावाला कळलं, असा कायदा. वाचता येणारी माणसं गावात अकरा, त्यातली चार कचेरीतच कामाला.

गोमाची दवंडी बंद झाली. त्याला खाकी सदरा दिला, पितळी बिल्ला दिला आणि बूट दिले. काम एकच, पिठाची खळ करायची आणि नोटिसा चिकटवायच्या. पहिले काही दिवस तो तरीही संध्याकाळी धोंड्याकडे जात होता. एकदा नारोशेटांनी कचेरीच्या पायरीवरून पाहिलं.

“काय रे गोम्या, त्या धोंड्याला रोज काय सांगतोस?”

“गावची खबर, शेट.”

“का? मत देतो का तो?”

पायरीवरची सगळी माणसं हसली. गोमाही हसला. ते हसणं त्याला पुढे फार आठवलं, म्हणे. त्या दिवशी तो धोंड्याकडे गेला नाही. दुसऱ्या दिवशी बूट चिखलात घालवेनात. मग आठवडा गेला, मग डफ कचेरीच्या माळ्यावर गेला, आणि खांबेट्यांनी त्यावर खळीचं पातेलं ठेवायला सुरुवात केली.

वर्षभराने नगरपालिकेने हद्दवाढ केली. पलीकडच्या तिन्ही वाड्या शहरात घ्यायच्या ठरल्या. खांबेट्यांनी नकाशावर तांबडी रेघ मारली. रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ जात होती, पण नारोशेटांच्या गिरणीपाशी आल्यावर तिला एकदम खोच पडली. गिरण हद्दीत आली तर जकात आली, तपासनीस आले. म्हणून रेघ गिरणीला वळसा घालून गेली, आणि सगळं शहर आत आणि गिरण तेवढी बाहेर, असं झालं. खाली नारोशेटांची सही.

नोटीस गोमाने चिकटवली. उलटी चिकटवली. तीन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही.

चौथ्या दिवशी ती सरळ करताना त्याने विचारलं, “चिटणीस साहेब, काय लिवलंय?”

“हद्द वाढली, गोमा. तुझी लेक आता शेलवड्याची झाली.”

गोमाचा खळीचा हात तसाच राहिला. “त्याला सांगितलं का?”

“कोणाला?”

गोमाने आपल्या बुटांकडे पाहिलं. “नाय. काय नाय.”

पुढच्याच हप्त्यात वाड्यांमधल्या दारांवर नगरपालिकेचे पत्र्याचे नंबर ठोकले गेले. काल ज्या वाडीचे होते ते लोक आज शेलवड्याचे झाले, आणि शेलवड्याचे म्हणूनच यायला निघाले.

पहिला अडकला करंजपाड्याचा दामा गवळी. सकाळचे नऊ, डोक्यावर ऊन, खांद्यावर कावड. धोंडा मागे टाकला, सरळ चालत राहिला आणि स्वतःच्या दारात येऊन उभा राहिला. बायको म्हणाली, काय विसरलात? तो म्हणाला, काही नाही, आणि परत निघाला. तिसऱ्या वेळी ती नुसती बघत राहिली. तोवर दूध नासलं होतं.

लोकांनी दामाची टिंगल केली, सकाळी सकाळी घेऊन आलास काय म्हणाले. मग दुसऱ्याला झालं, पाचव्याला झालं. मग पायरवाडीचा सुकऱ्या म्हातारा, ज्याने उभ्या जन्मात ही वाट डोळे मिटून तुडवली होती, तो स्टेशनात लेकाला आणायला म्हणून निघाला आणि पोचलाच नाही. तिसऱ्या दिवशी सापडला. धोंड्यापासून दहा पावलांवर, गावाकडे तोंड करून बसलेला, डोळे उघडे. पायताणांचे तळ उरले नव्हते. आणि त्याच्याभोवतीच्या गवतात एक गोल वाट पडली होती, पाऊल पाऊल रुंद, गवत झिजून खाली माती, माती झिजून पीठ. तीन दिवस तो तेवढ्यातच चालत होता. गाव त्याला सगळा वेळ दिसत असलं पाहिजे.

त्या दिवसापासून दुकानं दुपारी मिटायला लागली. बायका विहिरीवर बोलेनाशा झाल्या. बोलताना स्वतःचं नाव निघेल आणि ते कुणी ऐकेल, असं वाटायचं.

नगरपालिकेने मात्र खंबीर पाऊल उचललं. सभा बोलावली आणि शेलवडे हद्दीत चकवा नाही, असा ठराव केला. अकरा विरुद्ध शून्य. एका सभासदाने पाहणी समिती नेमा अशी उपसूचना मांडली, समिती नेमली गेली, समितीने लांबूनच धोंडा पाहिला आणि लांबूनच अहवाल दिला. ती नोटीसही गोमाने चिकटवली. या वेळी सरळ.

मग नारोशेट म्हणाले, धोंडाच काढून टाका.

भर दुपारी सहा माणसं पहारी घेऊन गेली. वर झिपरू मुकादम. सातवी पहार गोमाच्या हातात दिली. त्याने ती घेतली. हेही सांगितलं पाहिजे. घराण्यातल्या चार पिढ्या जिथे अनवाणी उभ्या राहिल्या, तिथे तो बूट घालून, पहार लावून उभा राहिला. झिपरूने हूं म्हटलं, सातही जणांनी दाब दिला, आणि धोंडा बोटभर हलला.

खालून गार वारा आला. झोपलेलं माणूस कूस बदलताना सोडतं तसा एक श्वास, एकच. पहारी टाकून सगळे मागे सरले. झिपरू मात्र जागच्या जागी मान वळवून म्हणाला, “ओ.”

“काय ओ?” गोमाने विचारलं. “कोणी हाक नाय मारली.”

“मारतोय की,” झिपरू म्हणाला. “आलो, आलो.” आणि तो तिथेच बसला. त्याला घरी नेलं तरी तो दर घटकेला आलो म्हणायचा आणि पुन्हा धोंड्याशी येऊन बसायचा. त्याला हाका कोण मारत होतं, ते त्याच्या बायकोने विचारलं नाही. विचारायची तिची छाती झाली नाही.

त्या क्षणापासून शीव दोन्हीकडून बंद झाली. वाडीचं कुणी आत येईना, आणि गावातलं कुणी बाहेर पडेना. आतून निघालेला माणूसही फिरून आतच. धोंड्याच्या अलीकडे गाव आणि पलीकडे वीस पावलांवर वाडीचे लोक, एकमेकांची तोंडं दिसतात, बोलणं ऐकू येतं, पण मधली वीस पावलं कुणाच्याने संपत नाहीत. तिकडची आई इकडच्या पोराला ओरडून जेवलास का विचारायची.

पाचव्या दिवशी सकाळी पलीकडे लहू येऊन उभा राहिला. तोंडावर रया नव्हती.

“मामा,” तो ओरडला, “बायजीचे दिवस भरलेत. पहाटेपासून कळा लागल्यात.”

गोमाच्या हातातलं खळीचं पातेलं खाली गेलं. बायजीचं पहिलं बाळंतपण सगळ्यांना ठाऊक होतं. मूल आडवं होतं. मूल गेलं, आणि बायजी वाचली ती अनसासुईणीच्या हातांनी वाचली. अनसा शेलवड्यात राहायची, गोमाच्या घरामागे.

“आता कसं हाय?” गोमाने विचारलं.

“तसंच. आडवंच.” लहूने तोंड फिरवलं. “अनसामावशीला धाडा, मामा. कशी पण धाडा.”

अनसा निघालीच होती. सत्तरीची, कमरेत वाकलेली, हातात तेलाची वाटी. चार वेळा गेली आणि चार वेळा फिरून गोमाच्याच समोर आली. चौथ्या वेळी ती धापा टाकत म्हणाली, “गोम्या, तुझा आजा असता तर ही वेळ आली असती का रे? बोलून बोलून लोकांचे कान किटवलेस जन्मभर. जिथं बोलायचं तिथं मात्र तुझी दातखीळ बसली.”

गोमा निघाला. कचेरीत गेला, माळ्यावरून डफ काढला. कातड्यावर खळीचं गोल पांढरं वाळलं होतं आणि एका कडेला उंदरांनी कुरतडलं होतं. त्याने ते नखाने खरवडलं, आगटीवर डफ शेकला, आणि धोंड्याशी आला. बूट काढले, एकाला एक लावून नीट ठेवले. तीन थापा मारल्या.

आणि तो सांगू लागला. वर्षभराची खबर. कोण जन्मलं, कोण मेलं, कुणाकडे कोण आलं. मग वाड्या घेतल्या, घर घर, माणूस माणूस. सुकऱ्याचं नाव आलं तेव्हा त्याने ते जित्यांत नाही, मेलेल्यांत सांगितलं, आणि कुणी मारला तेही सांगितलं : “म्या मारला. सांगायचं काम माझं होतं.” सगळं गाव मागे जमलं होतं. 

तेव्हा धोंड्याशी बसलेल्या झिपरूने मान वर केली. डोळे मिटलेले होते. तोंड झिपरूचं, पण बोलणं त्याचं नव्हतं. विहिरीत उतरून बोलावं तसं होतं, म्हणे.

“हद्द कुठवर?”

गोमाने कचेरीकडे हात केला. मग म्हणाला, “कागदावर हाय. मला वाचता येत नाय.”

“मला दिसत नाही. चालून दाखव.”

एवढंच नाही. अटी होत्या, आणि त्या सगळ्यांनी ऐकल्या. गोमाने डफ वाजवत नव्या हद्दीची पुरी फेरी मारायची. राखणदार आवाजामागून येईल. डफ थांबला तर तिथेच शीव, मग ती कुणाच्या उंबऱ्यावर का थांबेना. रेघ आहे तशीच चालायची, खोटं पाऊल टाकायचं नाही. दिवस मावळायच्या आत धोंड्याशी परत. आणि शेवटची अट अशी, की नवी शीव लांब जाणार, धोंड्यापाशी घातलेली हाळी तिथवर पोचणार नाही. ती पोचवायला कुणीतरी इथे बसलं पाहिजे. कायमचं.

“बसेन,” गोमा म्हणाला.

त्याबरोबर त्याच्या डाव्या खांद्यावर हात पडला. आंधळा माणूस चालताना पुढच्याच्या खांद्यावर ठेवतो तसा. कुणाला काही दिसलं नाही. पण सदरा पाच ठिकाणी दबला, ते पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनी पाहिलं, आणि पहिली रांग आपोआप तिसरी झाली.

वाट कोण सांगणार? नकाशा वाचणारे एकटे खांबेटे. त्यांना लोकांनी जवळजवळ ढकललंच. चिमणीएवढी छाती घेऊन ते बिचारे निघाले, हातात नकाशा, धोतराचा सोगा सुटलाय. गोमाच्या उजव्या बाजूने चालत होते, डावीकडे बघत नव्हते. आणि हे दोघे धोंड्यापलीकडे गेले. वाट फिरली नाही.

डुम, डुम, डुम. करंजपाडा झाला. खांबेटे सांगायचे, नाल्याकडून, आता वडाकडून, आणि गोमा वळायचा. खांदा आधी गार पडला, मग बधिर झाला. मागे पावलं वाजत नव्हती, फक्त गवत दबत होतं. ऊन डोक्यावर आलं तशी तिघांची सावली पडायला हवी होती. पडली दोघांचीच. पण गोमाच्या सावलीचा डावा खांदा खाली झुकलेला होता, असं खांबेटे पुढे मरेपर्यंत सांगत होते.

पायरवाडीच्या अलीकडे गिरण आली. नारोशेट ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते. धोंडा काढायचा हुकूम दिला आणि पुढचा तमाशा बघायचा नाही म्हणून ते शीव बंद व्हायच्या आधीच गिरणीत येऊन राहिले होते. समोरून डफ येताना पाहून ते हसायला लागले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

“खांबेटे,” ते उठून उभे राहिले. “कुठून जाताय?”

खांबेट्यांनी नकाशा तोंडासमोर धरला. “इथून आत वळायचं, गोमा,” ते पुटपुटले. “गिरण बाहेर आहे.”

“सरळ जा,” नारोशेट ओरडले. “गोम्या, सरळ जा रे. मी सांगतो, मी अध्यक्ष आहे. मला आत घे.”

गोमाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. सरळ जायला फक्त शंभर पावलं होती. पण खांद्यावरची बोटं आत रुतली, आणि रेघेला खोच होती, आणि खाली सही होती. डफ वाजवत तो खोचेत वळला, गिरणीच्या तिन्ही अंगांनी फिरला आणि बाहेर पडला. नारोशेट ओसरीच्या कडेकडेने त्याच्याबरोबर पळत होते, तिन्ही अंगांनी.

दिवस कलताना उंबरमाळ आलं. रेघ लहूच्या दाराला लागूनच होती. उंबराखाली बायका जमलेल्या, आणि घरातून बायजीचा आवाज येत होता. ओरडणं संपून नुसतं कण्हणं उरलं होतं. गोमाला ते डफाच्या दोन थापांच्या मधल्या जागेत ऐकू येत होतं.

“बा आला का?” आतून विचारलं. “डफ कुणाचा वाजतोय? बा आलाय का?”

दार उघडं होतं. चार पावलं. गोमाचा हात मंदावला. खांबेटे सांगायचे, की त्या क्षणी हवा अशी दाटून आली की कान बंद झाले, आणि मागचं गवत थांबलं. डफ थांबला असता तर शीव लेकीच्या उंबऱ्यावर बसली असती, आणि घर बाहेर राहिलं असतं.

गोमाने दाराकडे तोंड केलं नाही. चालता चालताच हाळी दिली, घराण्यात कुणी दिली नसेल एवढ्या मोठ्याने : “आलोय गं. चाललोय. अनसा मागनं येतेय.” आणि थापा जोरात मारत पुढे गेला.

तो उंबर मागे पडला, आणि तिकडे धोंड्याशी वाटीभर तेल घेऊन उभ्या असलेल्या अनसाच्या पायाखालची वाट सरळ झाली. म्हातारी धावली. सत्तर वर्षांची बाई वाकलेल्या कमरेने माळ ओलांडून धावली, आणि वीस पावलं वीस पावलांतच संपली.

सूर्य टेकला तेव्हा गोमा धोंड्याशी परत आला. वाजवतच उभा राहिला. खांबेटे मटकन खाली बसले. झिपरू घरी गेला होता, जेवायला वाढ म्हणाला होता. कुणी गोमाच्या जवळ जाईना, कारण सदरा अजून पाच ठिकाणी दबलेला होता.

मग माळावरून लहू धावत आला.

“मामा, मुलगी झाली. दोघी ठीक आहेत.”

“आवाज कसा हाय तिचा?” गोमाने विचारलं. हात चालूच.

“लई मोठा. अनसामावशी म्हणते, कानठळ्या बसवल्या.”

“मग बरं हाय,” गोमा म्हणाला. “चला घरी, मामा,” लहू म्हणाला, “बघायला चला.” गोमाने मान हलवली, धोंड्याकडे तोंड केलं आणि सांगितलं : “उंबरमाळ, लहूच्या घरी, आज मुलगी. शेलवड्याची.”

आणि डफ थांबला.

दिवे घेऊन माणसं जवळ गेली तेव्हा तिथे डफ होता, बूट होते, एकाला एक लावून ठेवलेले. गोमा नव्हता. धोंडा पूर्वीच्या जागी घट्ट बसला होता, आणि त्याच्या डाव्या अंगाला पाच खळगे होते. ते सकाळी नव्हते, हे उरलेल्या सहाही पहारवाल्यांनी शपथेवर सांगितलं. लहूने त्यात हात ठेवून पाहिला आणि लगेच काढला. ऊब होती, म्हणे.

नारोशेट पुढे नऊ वर्षं जगले. गिरणीतच, कारण नवी शीव पडली तेव्हा ते बाहेर होते. घराचं कौल दिसायचं, पण निघाले की परत ओसरीवर. खरं तर ‘पाहुणा म्हणून आलोय’ एवढं म्हणाले असते तर वाट मोकळी होती. लोकांनी त्यांना तसं सुचवलंही. पण दर वेळी ते खोचेच्या टोकाशी येऊन सांगायचे, मी शेलवड्याचा अध्यक्ष. आणि दर वेळी परत जायचे.

आजही ती खोच नकाशात तशीच आहे. सगळीकडे सात-सात मजले उभे आहेत आणि मध्ये तेवढ्या जागेत गिरणीचा चौथरा आणि रानतुळस. तिथे नळ जात नाही, दिवा लागत नाही. एका बिल्डरने फलक लावला होता. फलक आहे. बिल्डर त्या बाजूला राहतो, असं त्याच्या घरचे सांगतात.

आजही डफ बायजीच्या त्या मुलीच्या घराण्यात आहे. सध्या तो कुंदाताईंकडे असतो. त्या महापालिकेत सफाई खात्यात आहेत आणि आवाज असा, की माइक लावला तर माइक बिघडतो. ठराव वाचून झाला की त्या गप्प होतात, साहेब गप्प होतात, सिग्नलला थांबलेल्या बसगाड्यासुद्धा गप्प होतात. मग लांबून, पूर्वेकडून, डफाची एक थाप येते. पोचलं. आजवर दोनदा आली नाही. ते दोन्ही ठराव त्याच दुपारी फाडले.

आता पुन्हा हद्दवाढ निघाली आहे. अकरा गावं घ्यायची आहेत. नकाशा संगणकावर काढला आहे, सुरेख रंगीत आहे, आणि मोजून तीन खोचा आहेत. परवा सभागृहात तो पडद्यावर दाखवला तेव्हा सगळ्यांनी बाकं वाजवली. मागच्या दारात कुंदाताई झाडू घेऊन उभ्या होत्या. बाकं थांबल्यावर त्यांनी तिथूनच विचारलं, “त्याला सांगितलं का?”

कोणाला, असं एकानेही विचारलं नाही.

त्या दिवसापासून कुंदाताई चपला घालत नाहीत. पाय घट्ट व्हायला हवेत, एवढंच म्हणतात. आणि कधी कधी जाता येता धोंड्यापाशी थांबून त्या पाच खळग्यांत हात ठेवतात. बोटं बरोबर बसतात.

चला, आता निघा. जाताना तुमचं नाव सांगा, आणि पाहुणे आहात हेही सांगा. मोठ्याने. तो आंधळा आहे, पण तुम्ही केव्हापासून इथे उभे आहात ते त्याला कळलेलं आहे.